अंगण खरोखरच वाकडे होते

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ज्याने कोणी रचली, त्याने ते अंगण एकदा तरी मोजून पाहिले होते का, असा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो. नाचणाऱ्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले, ओळंबा सोडला, पाणसळ लावली, निदान दोन टोकांना दोरी धरून पाहिली, असा काही उल्लेख म्हणीत सापडत नाही. तक्रार आली आणि चार शब्दांत निकाल लागला. मी मात्र माझे अंगण मोजले. त्यासाठी मला चार महिने, इंटरनेटच्या दोन जोडण्या, एक दोनशे पानी वही आणि घरातली बरीचशी प्रतिष्ठा खर्च करावी लागली; परंतु आता मी आकडे हातात घेऊन सांगू शकतो की अंगण वाकडे होते. नाचाबद्दल नंतर बोलू.

मला हा नाद माझ्या भाच्याने लावला. सुट्टीत राहायला आला असताना त्याने माझ्या संगणकावर नेमबाजीचा एक ऑनलाइन खेळ बसवून दिला आणि जाताना “मामा, जमेल तुला हळूहळू” असा धीर दिला. त्यातला ‘हळूहळू’ हा शब्द त्याने कोणत्या अर्थाने वापरला होता, हे मला पुढे कळले. खेळ साधा आहे. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, आणि मधल्या पडक्या इमारतींमध्ये एकमेकांना गाठून गोळ्या घालायच्या. मी रोज रात्री नऊ ते साडेदहा या वेळात मरतो. मरण्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या पद्धतीने मरण येते तिच्याबद्दल आहे. शत्रू दिसला की मी कोणत्याही विचारी माणसाप्रमाणे पळत जाऊन भिंतीआड होतो. भिंत चांगली हातभर जाडीची, दगडी. तिला पाठ टेकून मी सुटकेचा श्वास घेतो, आणि तो पुरता सोडायच्या आत मरतो. भिंतीला भोक नाही, वर झरोका नाही, शेजारी कोणी नाही, आणि तरीही माझा देह जमिनीवर पसरलेला मला स्पष्ट दिसतो.

“लॅग असेल, मामा, म्हणजे नेटवरून निरोप पोहोचायला होणारा उशीर,” भाचा फोनवर म्हणाला, आणि बुडत्याला काडी मिळावी तसा मला तो शब्द मिळाला. नेम चुकला की लॅग, मागून कोणी आलेले दिसले नाही की लॅग. एकदा मी स्वतःच फेकलेल्या हातबाँबवर जाऊन उभा राहिलो तेव्हाही मी ‘लॅग’ असेच ओरडलो. त्यावर बायकोने पुस्तकातून डोके वर न काढता एवढेच म्हटले, “अंगण फारच वाकडं दिसतंय आज.” वहीच्या पहिल्या पानावर मी जी तारीख टाकली, ती त्याच रात्रीची आहे.

आमच्या घरात इंटरनेट शिरण्याच्या वाटा दोन. एक, टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारे डीएसएल, जे आमच्याकडे आधीपासून होते. आणि दुसरी, टीव्हीच्या जाड काळ्या केबलवरून येणारे इंटरनेट, जे घ्यावे म्हणून दर पंधरवड्याला कोणीतरी दारावर येत असे. (फायबर अजून आमच्या गल्लीत पोहोचलेले नाही. ज्यांच्याकडे पोहोचले आहे त्यांनी हा लेख वाचताना कृपया हसू नये.) गंमत अशी की एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांचे पेटंट ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली घेतले आणि एका तारेभोवती दुसऱ्या धातूचे वेष्टन घालण्याचे, म्हणजे आजच्या केबलच्या रचनेचे, पेटंट ऑलिव्हर हेविसाइड यांनी त्याच्या आदल्याच वर्षी, १८८० साली घेतले होते. याचा अर्थ, माझ्यापुढची ही निवड जवळजवळ दीडशे वर्षे माझ्यासाठी खोळंबून राहिली होती. एवढा वेळ गेलाच आहे तर घाई कशाला, असे म्हणून मी कामाला लागलो.

पहिला धडा वेगाबद्दल मिळाला. केबलचा जो प्रतिनिधी दारावर आला, तो बोलायला अत्यंत गोड होता. “सर, शंभर एमबीपीएस,” असे तो म्हणाला आणि टाळ्यांसाठी थांबावे तसा थांबला. मी तोवर थोडेफार वाचून ठेवले होते, म्हणून विचारले, “पिंग किती मिळेल?” तो क्षणभर गोंधळला, पण हाडाचा विक्रेता असल्यामुळे लगेच सावरून म्हणाला, “पिंगसुद्धा शंभर देऊ, सर. तुमच्यासाठी दोनशेचंही बघता येईल.”

ज्यांना या वाक्यातले कारुण्य कळले नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. आपल्या संगणकाकडून निघालेला निरोप खेळाच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे सगळ्यांचा खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन त्याचे उत्तर परत यायला किती सहस्रांश सेकंद, म्हणजे मिलिसेकंद, लागतात, त्या आकड्याला पिंग म्हणतात. हे मोजणारा छोटासा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिला आणि पाण्याखाली आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या सोनार यंत्राच्या नादावरून त्याला हे नाव दिले. (हा सोनार दागिने घडवणारा नव्हे, हा मी वहीतही स्वतःसाठी करून ठेवलेला खुलासा आहे.) पिंग जितका कमी तितका चांगला. शंभर एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट माहिती, ही रस्त्याची रुंदी झाली. आणि रस्ता कितीही रुंद केला तरी एकटा निघालेला निरोप्या त्यामुळे लवकर पोहोचत नाही. खेळताना आपण काय पाठवतो? ‘मी इथे आहे, इकडे बघतो आहे, आता गोळी झाडली’, एवढेच. सेकंदाला काही डझन वेळा, तेही चिमुकल्या पाकिटांतून. सगळे मिळून सहसा एका मेगाबिटच्या आतच भागते. मात्र ती चिमुकली पाकिटे वेळेवर गेली पाहिजेत. मी मेल्यानंतर माझी गोळी सर्व्हरवर पोहोचली तर त्याला वरातीमागून घोडे म्हणतात, आणि आमच्याकडे तर तबेलाच्या तबेला वरातीमागून जात होता.

भिंतीआडच्या मृत्यूचे गूढही याच वाचनात उकलले, आणि ते उकलले नसते तर बरे झाले असते असे मला वाटले. आपण पुढे जाण्याचे बटण दाबले की आपला संगणक सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता आपल्याला लगेच पुढे गेलेले दाखवतो. १९९६ साली ‘क्वेकवर्ल्ड’ या खेळाने ही युक्ती रूढ केली आणि आता ती जवळजवळ सगळीकडे आहे. दुसरी युक्ती सर्व्हरची. कोणी गोळी झाडली की सर्व्हर घड्याळ किंचित मागे फिरवतो, झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी काय दिसत होते ते पाहतो आणि त्यावरून निकाल देतो. आता हे दोन्ही एकत्र करून पाहा. मी धावलो, माझ्या पडद्यावर मी भिंतीआड पोहोचलो. पण तो निरोप वाटेतच होता आणि शत्रूच्या पडद्यावर मी अजून उघड्यावर, बावळटासारखा उभा होतो. त्याने शांतपणे नेम धरला आणि सर्व्हरने त्याच्या बाजूने कौल दिला. म्हणजे ती दगडी भिंत, तो सुटकेचा श्वास, हे सगळे माझ्याच संगणकाने माझ्या समाधानासाठी रचून सांगितलेले होते. मी केव्हाच मेलेलो होतो, फक्त मला कळवण्यात आले नव्हते.

तेव्हा पिंग कमी करणे हे एकच ध्येय ठेवून मी प्रथम घरच्या डीएसएलकडे वळलो. टेलिफोनच्या तारेवर माणसाच्या बोलण्याला जेमतेम चार किलोहर्ट्झ एवढी जागा लागते. त्याच्या वरची जागा मोकळी पडलेली असते. एडीएसएल, म्हणजे आमच्याकडचा डीएसएलचा प्रकार, त्या मोकळ्या जागेचे सव्वाचार किलोहर्ट्झहून जराशा रुंद पट्ट्यांमध्ये तुकडे पाडते आणि प्रत्येक पट्टीवर झेपेल तेवढा माल लादते. ही विद्या मला अतिशय आवडली. कोणाच्याही नजरेत न येता पडून असलेल्या जागेचा असा उपयोग फक्त घरातल्या माळ्याचा होताना मी पाहिला आहे. अडचण एकच, की ही तार एक्स्चेंजपासून जितकी लांब तितका संदेश विरत जातो. मोडेमच्या आतल्या पानावर ‘अटेन्युएशन’ नावाचा एक आकडा असतो. आमचा ५० डेसिबल निघाला. त्याचा अर्थ शोधून काढला तेव्हा कळले, की तिकडून निघालेल्या शक्तीचा एक लाखावा हिस्सा आमच्या घरी पोहोचतो. माझे घरातले म्हणणे साधारण त्याच प्रमाणात पोहोचत असल्यामुळे मला त्या तारेबद्दल एकदम जिव्हाळा वाटू लागला.

तार तपासायला आलेला तंत्रज्ञ मोजके बोलणारा होता. त्याने जिन्यातली पेटी उघडली, आतला जोड बोटांनी सोडवला आणि मला दाखवला. तांब्यावर हिरवा कळंक चढला होता, इतका की त्यातून एवढे दिवस काही जात होते याचेच नवल वाटावे. त्याने तार छाटली, नवे टोक सोलले, पीळ घातला, वर टोपी दाबली आणि म्हणाला, “काका, लाइन लांब आहे. खाली येताना पाच मिळतील, वर जाताना एकाच्या आतच. जोड मात्र आता पक्का.” मग त्याची नजर आतल्या खोलीतल्या जुन्या फोनकडे गेली, ज्याच्यामागे फिल्टर लावलेला नव्हता. “हा वाजला की नेट जातं का?” असे त्याने विचारले. जात होते. एका निर्णायक लढाईत मी शत्रूच्या पाठीशी पोहोचलेलो असताना नेमका आमच्या आत्याबाईंचा फोन आला होता आणि मी जागच्या जागी पुतळा झालो होतो. त्या दिवसापासून मी आत्याबाईंशी जरा तुटकच वागत होतो. फिल्टर लागला. आत्याबाईंची मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

डीएसएलमधला खरा चोर मात्र वेगळाच होता आणि त्याचे नाव ‘इंटरलीव्हिंग’. लांबच्या तारेवर मधूनच आवाजाचा एखादा फटका बसतो, कुठेतरी मोटर सुरू होते आणि माहितीचा एक सलग तुकडा नासतो. त्यावर उपाय म्हणून पाठवणारा आधीच दहा पत्रांतले शब्द एकमेकांत मिसळून दहा लिफाफ्यांत भरतो, म्हणजे एक लिफाफा हरवला तरी प्रत्येक पत्रातला एखादाच शब्द जातो आणि तो संदर्भाने भरून काढता येतो. मोठी सोयीची व्यवस्था. पण पहिले पत्र वाचायलासुद्धा दहाही लिफाफे येईपर्यंत थांबावे लागते. सिनेमा पाहणाऱ्याला याचे काही वाटत नाही. भिंतीआड लपणाऱ्याच्या मात्र जिवावर बेतते. हे बंद करता येते, फक्त ते कंपनीकडून करून घ्यावे लागते. मी मदतकेंद्राला फोन लावला आणि अत्यंत सावकाश, एकेक अक्षर उच्चारत सांगितले की माझ्या लाइनवरचे इंटरलीव्हिंग बंद करावे. पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, मोडेमवर कोणते दिवे लागलेत?” मी सांगितले. “मोडेम बंद करून दोन मिनिटांनी चालू करा.” मी केला. असे अकरा दिवस, अकरा वेगवेगळ्या आवाजांच्या सांगण्यावरून, मी तो मोडेम बंद-चालू केला. बाराव्या दिवशी फोन कोणा जाणत्या माणसाकडे गेला. तो एका वाक्यात म्हणाला, “फास्ट पाथवर टाकतो, पण एरर वाढल्या तर बोलू नका,” आणि पिंग ६४ वरून ३८ वर आला. त्याचे नाव विचारायचे राहून गेले याची मला आजही रुखरुख आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर चार महिन्यांचे काम एका महिन्यात झाले असते. पण तुलना केल्याशिवाय निवड कसली, या तत्त्वाला जागून मी केबलची जोडणीही महिनाभरासाठी घेतली. घरात आता दोन मोडेम, दोन राउटर आणि त्यांचे मिळून चौदा मिचमिचणारे दिवे झाले. बायकोने त्या कोपऱ्याला ‘नियंत्रण कक्ष’ असे नाव दिले आणि तिकडे झाडू मारण्याचे काम कायमचे माझ्याकडे सोपवले.

केबलचा स्वभाव डीएसएलच्या अगदी उलट निघाला. डीएसएलची तार एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंत एकट्या आपली असते; तिचे जे काही बरेवाईट असेल ते आपले. केबल म्हणजे एकत्र कुटुंब. आजूबाजूची कित्येक घरे एकाच वाहिनीवर टांगलेली, आणि वरून येणारा सगळा माल सगळ्यांच्या दारावरून जातो, ज्याने त्याने आपला तेवढा उचलायचा. वर काही पाठवायचे तर शिस्त आणखी कडक. प्रत्येक मोडेमने आधी हात वर करून परवानगी मागायची, वरच्या यंत्राने ‘अमुक क्षणी बोल’ असे नेमून द्यायचे, आणि दोघांनी एकदम हात वर केले तर दोघांनीही थोडे थांबून पुन्हा विचारायचे. सकाळी सहा वाजता, वर्गात मी एकटाच असताना, केबलचा पिंग १६ होता. हा आकडा पाहून मला भरून आले. रात्री नऊ वाजता, सगळे कुटुंब घरी परतून ज्याचा त्याचा पडदा लावून बसले असताना, तोच पिंग २० ते ९५ च्या मध्ये उड्या मारत होता.

दोहोंची दिवसभराची सरासरी काढली तर केबल जिंकत होती, आणि एखाद्या भोळ्या माणसाने तिथेच निकाल दिला असता. पण सरासरीने खेळता येत नाही. भिंतीवरचे घड्याळ रोज नेमके दहा मिनिटे मागे असेल तर घरातली माणसे त्याच्यासह जगायला शिकतात. ते कधी दोन मिनिटे आणि कधी पंचवीस मिनिटे मागे राहू लागले तर त्याचा काहीच उपयोग नाही. या चंचलपणाला जिटर म्हणतात. डीएसएलचा पिंग सकाळी ३८, दुपारी ३८, रात्री ३९. संथ, विश्वासू, मागच्या पिढीतल्या कारकुनासारखा. केबल म्हणजे हुशार पण लहरी. मी वहीत दोन रकाने आखले आणि महिनाभर रोज तीन वेळा नोंदी घेतल्या. साठ पाने भरली तेव्हा भाच्याला अभिमानाने फोन केला.

“मामा, संगणक राउटरला वायरने जोडलायस ना?” त्याने विचारले.

मी काही वेळ बोललो नाही. संगणक वाय-फायवर होता, राउटर दोन भिंतींपलीकडे होता, आणि त्या दोन भिंतींच्या मध्ये आमचा मायक्रोवेव्ह होता, जो राउटरच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास आपले काम करतो. डीएसएलचा ३९ च्या जागी मध्येच कधी २१० का होई, हे मला त्या स्तब्धतेत कळले. साठ पानांवर मी आडवी रेघ मारली. तीस मीटर वायर भिंतीच्या कडेने, दरवाज्याच्या चौकटीवरून फिरवून आणली आणि एकसष्टाव्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

वायरने बराच फरक पडला, पण एक कोडे सुटेना. रोज रात्री साडेनऊच्या सुमारास दोन्ही जोडण्या एकाएकी कोसळत. वहीत पाहा: ९.३२, केबल, पिंग ७८०. दुसऱ्या दिवशी ९.३५, डीएसएल, २४००. तिसऱ्या दिवशी ९.३१, डीएसएल, २६००. दोन हजार सहाशे म्हणजे अडीच सेकंदांहून अधिक. एवढ्या वेळात मी मरून, परत जन्म घेऊन पुन्हा एकदा मरू शकतो, आणि मेलोही. लिफ्टची मोटर, रस्त्यावरचे दिवे, शेजारचा पंप, असे सगळे संशयित मी तपासून सोडून दिले. शेवटी एक गोष्ट लक्षात आली आणि ती उच्चारण्याचे धाडस व्हायला दोन दिवस लागले. साडेनऊला बायको फेरफटका मारून घरी येते.

“तू घरात पाऊल टाकलंस की मी मरतो,” मी वही पुढे करून म्हटले.

“इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच तारखेवार लिहून देतोयस,” ती म्हणाली आणि तिने वही हातात घेऊन खरोखरच वाचली. मग तिनेच खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. फेरफटक्यात ती झाडांचे, ढगांचे आणि रस्त्यावरच्या यच्चयावत मांजरांचे फोटो काढते. आणि दारातून आत येताच तिच्या फोनला घरचे वाय-फाय सापडते, मग तो ते सगळे फोटो एका दमात वर चढवू लागतो. आमचा मोडेम बिचारा नाही म्हणायला शिकलेला नाही. वर जाण्याची वाट चिंचोळी असली तरी आलेले प्रत्येक पाकीट तो पोटात साठवून घेतो आणि रांग लावतो. त्या रांगेच्या शेपटाला माझी गोळी उभी. हिशेब सोपा आहे: २५६ किलोबाइटची रांग आणि वर जाण्याचा वेग सेकंदाला ०.८ मेगाबिट, म्हणजे रांग सरायला अडीच सेकंदांहून थोडे जास्त. वहीतला २६०० हा आकडा असा तंतोतंत जुळलेला पाहून मी आनंदाने टेबलावर हात आपटला. बायकोला वाटले मी चिडलो. मी तिला मिठी मारली. सत्तेचाळीस मांजरांनी मिळून मला मारले होते, आणि त्यात माझा काडीचाही दोष नव्हता.

या रोगाला ‘बफरब्लोट’ असे नाव आहे आणि त्याने केबल-डीएसएल असा भेदभाव न करता सगळ्यांना ग्रासलेले आहे. वर जाणारी वाट जितकी अरुंद तितका त्रास जास्त, एवढाच फरक. उपायही आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली अशी पद्धत मांडली, की रांगेत किती जण उभे आहेत ते मोजू नका, प्रत्येकाला किती वेळ ताटकळावे लागले ते मोजा, आणि ताटकळणे वाढू लागले की काही पाकिटे सरळ फेकून द्या. मग पाठवणारा आपोआप सबुरीने घेतो. ज्याने कोणी कधी काउंटरसमोर तासन्‌तास उभे राहून काढले आहेत त्याला यातला शहाणपणा वेगळा सांगावा लागणार नाही. माझ्या राउटरमध्ये ही सोय मुळातच होती, फक्त बंद होती. ती चालू केली, वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधली, म्हणजे रांग लागलीच तर ती त्या भोळ्या मोडेममध्ये न लागता राउटरच्या डोळ्यांदेखत लागेल. आणि बायकोला पुन्हा एकदा बाहेर जाऊन आत यायला सांगितले. ती पाच वेळा आत आली. मी एकदाही मेलो नाही. (मी त्या वेळी खेळत नव्हतो, फक्त पिंग पाहत होतो.)

आता निवड उरली होती आणि ती चार महिन्यांच्या मानाने फारच झटपट झाली. रांगेचा बंदोबस्त झाल्यावर डीएसएल ३८ वर स्थिर राहिले, केबल रात्रीही २० ते ३५ च्या आत वावरू लागली. खेळापुरते बोलायचे तर दोन्ही चालण्यासारखी. तराजू झुकला तो भलत्याच कारणाने. खेळाची साठ गिगाबाइटची नवी आवृत्ती आली. पाच मेगाबिटच्या डीएसएलवरून ती उतरवून घ्यायला सव्वीस तास चाळीस मिनिटे लागणार होती, आणि शंभर मेगाबिटच्या केबलवरून ऐंशी मिनिटे. ज्या आकड्याला मी पहिल्या दिवशी हसलो होतो, त्यानेच अखेर मला विकत घेतले. एक्स्चेंज घरापासून हाकेच्या अंतरावर असते तर मी त्या विश्वासू कारकुनाची साथ सोडली नसती, हे मात्र इथे नमूद करतो. डीएसएल बंद करायला कंपनीला फोन केला. त्यांनी कारण विचारले नाही. मोडेम एकदा बंद करून चालू करून पाहिला का, एवढे मात्र विचारले.

असे माझे अंगण सरळ झाले. इतके सरळ, की त्यावर गोटी ठेवली तर हलणार नाही. पिंग २१, जिटर नगण्य, पाकिटांची गळती शून्य. त्या रात्री मी नऊ वाजता बसलो आणि साडेदहापर्यंत एकोणतीस वेळा मेलो. जुन्या वहीप्रमाणे पूर्वीची सरासरी सव्वीस होती. आता मी भिंतीआड पोहोचल्यावर मरत नव्हतो; पोहोचण्याआधीच, उघड्यावर, अत्यंत अचूक वेळी मरत होतो. मी काही म्हणायला तोंड उघडले आणि मला म्हणण्यासारखे काही सापडेना. बायको वाट पाहत होती. तिने पुस्तक मिटून बोट पानात ठेवले होते.

चार दिवस मी खेळलो नाही. पाचव्या दिवशी सेटिंग्ज चाळताना सर्व्हर निवडण्याची यादी दिसली. आजवर मी नेहमी सर्वांत जवळचा सर्व्हर घेत आलो होतो. यादीच्या तळाशी मात्र पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला असलेला एक होता. फायबरच्या आत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे दहा हजार किलोमीटर जाऊन परत यायला शंभर मिलिसेकंद लागणारच, आणि वाटेतली वळणे धरली तर त्याहून पुष्कळ जास्त. त्यावर कोणी तंत्रज्ञ, कोणते मदतकेंद्र, कोणताही राउटर काही करू शकत नाही. मी तो सर्व्हर निवडला. पिंग १७८. खुर्चीत जरा मागे रेलून बसलो.

पहिल्याच फेरीत समोर एक जण दिसला. त्याने मला पाहिले आणि तो विचारी माणसाप्रमाणे पळत सुटला. मी झाडलेली गोळी निघाली, अर्धी पृथ्वी ओलांडून गेली, आणि तिकडच्या सर्व्हरने नियमाप्रमाणे घड्याळ मागे फिरवून माझ्या पडद्यावर काय दिसत होते ते पाहिले. माझ्या पडद्यावर तो अजून उघड्यावरच होता. तो पडला. जाऊन पाहिले तर त्याचा देह एका जाड दगडी भिंतीच्या पुरता आड, तिला पाठ टेकल्यासारखा पसरला होता.

पडद्याच्या कोपऱ्यात त्याने दोनच शब्द टाइप केले: “लॅग आहे.” त्याखाली, बहुधा त्याच्याच चमूतल्या कोणाचा तरी प्रश्न उमटला, “तुझ्याकडे केबल की डीएसएल?”